सर्वानुमते पन्नास हजार मासे

लव्हाळ्याच्या वाडीत मच्छीमार सहकारी संस्था होती, संस्थेला चेअरमन होता, चेअरमनला जीप होती आणि जीपवर संस्थेच्या नावाची पाटी होती. नव्हतं ते फक्त पाणी. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलेलं. गावचा साठवण तलाव आटत आटत भिंतीपासून इतका दूर सरकला होता की धुणं घेऊन निघालेली बाई पाण्यापाशी पोचेपर्यंत घामानंच भिजायची. मधोमध उरलं होतं ते डबकं, त्याला तलाव म्हणायचं ते केवळ जुन्या ओळखीमुळे.

त्या डबक्यातले मासे मोजायला सरकारनं एक साहेब पाठवला, तेव्हा सुभद्राबाईनं पहिल्यांदा कपाळाला हात लावला.

"पाऊस मोजून झाला, टँकर मोजून झालं, आता मासे मोजा," ती म्हणाली. "मोजण्यात लई हुशार हाय सरकार. देण्यात तेवढं आखडतंय."

सुभद्राबाई भोयाची लेक आणि भोयाचीच सून. नवरा कचरू वारला तेव्हा त्याचा संस्थेतला शेअर तिच्या नावावर आला. युसूफ वडगाव या गावच्या बाजारात तिची मासे विकायची जागा ठरलेली होती, आणि तिथं घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाची ती अशी काही हजेरी घ्यायची की पाठीमागचं गिऱ्हाईक मुकाट्यानं पैसे काढायचं. जगात तिला फारसं कुणी आवडत नसे. त्यातही न आवडणाऱ्यांत पहिला नंबर चेअरमन मोहनरावांचा. या गृहस्थाच्या घोट्याच्या वर कधी तळ्याचं पाणी चढलं नव्हतं. कापसाची जमीन, तालुक्याला ओळख आणि पांढरा शर्ट एवढ्या भांडवलावर ते भोयांचे पुढारी झाले होते. मासा कुठल्या बाजूनं पोहतो हे विचारलं असतं तर त्यांनी आधी सभा बोलावली असती.

साहेबाचं नाव सुग्रीव. मूळचा उमापूरचा, पण नोकरीची सगळी वर्षं समुद्रावर काढलेली. रेल्वेनं परळीला उतरून एसटीनं आला, आणि आला तो खांद्यावर बारीक कापडासारख्या जाळीची पिशवी, हातात बाटल्यांची पेटी आणि एक सूक्ष्मदर्शक घेऊन. दोन दिवस तो डबक्याच्या काठानं फिरला, पाण्यातलं गवत-शेवाळ उपसून न्याहाळत बसला. तिसऱ्या दिवशी सुभद्राबाईला राहवलं नाही. ती कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"मासे सोडून गवतात काय हुडकता सर?"

"अंडी," तो म्हणाला. "अंड्यांवरून मासे काढतो."

मग त्यानं समजावून सांगितलं. समुद्रात तारली मासा लाखोंनी असतो, त्याला कोण धरून मोजणार? पण त्याची अंडी पाण्यात तरंगतात. जाळीतून ठरावीक पाणी गाळायचं, ताजी अंडी मोजायची, त्यावरून त्या भागात रोज किती अंडी पडतात ते काढायचं. मग थोड्या माद्या धरून बघायचं की एक मादी एका वेळी किती अंडी घालते आणि शंभरातल्या किती जणी रोज घालतात. एकाला दुसऱ्यानं भागलं की माद्या कळल्या. नर मिळवले की मासे कळले. इथं तळ्यात अंडी तरंगत नाहीत, गवताला चिकटतात, म्हणून पाण्याऐवजी गवत मोजायचं, एवढाच फरक.

"म्हंजी खुराड्यातली अंडी बघून कोंबड्या सांगायच्या."

"अगदी तसंच."

"आन् मुंगसानं खाल्लेली अंडी?"

"त्याचाही हिशेब धरतो. रोज किती अंडी मरतात ते आधी काढावं लागतं."

सुभद्राबाईला त्याला कोंडीत पकडायचं होतं, आणि तो पकडला गेला नाही, याचा तिला रागच आला. "आमच्या रोहू-कटल्याची अंडी घावणार न्हाईत तुमाला," ती म्हणाली. तो म्हणाला, बरोबर आहे, साचलेल्या पाण्यात ते अंडी घालतच नाहीत. त्यांचं बी, म्हणजे बारीक पिलं, बाहेरून आणून सोडावं लागतं, आणि संस्थेनं दोन वर्षं बी सोडलेलंच नाही. तेव्हा आता तळ्यात आहे तो बहुतेक सायप्रिनस जातीचा मासाच. तो मात्र इथंच अंडी घालतो, म्हणून तर मोजता येतो.  सुभद्राबाई घरी परतली आणि सुनेला म्हणाली, "येडाच हाय, पण खोटं बोलत न्हाई."

सून सरूबाई, घरात नुसती सरू. तिला सातवा महिना लागला होता. पोरगी हसरी, कामाला वाघीण, आणि सासूच्या जिभेला न घाबरणारी अख्ख्या वाडीतली एकटी. सुभद्राबाई तिला दिवसातून चार वेळा नावं ठेवायची आणि पाचव्या वेळी तिच्या ताटात आपल्या ताटातली भाकरी सरकवायची.

सुभद्राबाईचा जीव अडकला होता तो इथं. दसरा झाला की बंकट मुकादमाची टोळी ऊसतोडीला निघणार, आणि आश्रुबा, सुभद्राबाईचा एकुलता एक लेक, दर सालाप्रमाणे जाणार. आता ऊसतोडीला माणूस एकटा जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायच्या. म्हणजे सरूला जावं लागणार, पोटात लेकरू घेऊन. गेल्या साली शेजारच्या छबुबाईची सून उसाच्या फडातच बाळंत झाली होती. सून परत आली, लेकरू आलं नाही. छबुबाई अजून त्या विषयावर बोलत नसे, आणि सुभद्राबाई तिच्यापुढं तो विषय काढत नसे. एवढ्या एका बाबतीत तिची जीभ शहाणी होती. सरकार दर्यातल्या माशांच्या मायांची मोजदाद करायला माणूस पाठवतं, आणि उसाच्या सरीत बाळंत होणाऱ्या मायांना कुणी मोजत नाही, याची तिला मनापासून चीड यायची.

"औंदा न्हाई गेलं तर काय व्हतंय रं?" तिनं आश्रुबाला विचारून पाहिलं.

"सगळे जात्यात माय."

"सगळ्यांच्या बायका तवा आठव्या महिन्यात असत्यात का?"

"मंग हितं काय करू? तळ्यात मासे हायत का?"

आश्रुबा वाईट नव्हता. वाईट असता तर सुभद्राबाईनं त्याला केव्हाच सरळ केला असता. तो होता मऊ. जिकडं चारजण वळतील तिकडं हा पाचवा. स्वतःचं मत म्हणून काही त्याला नव्हतंच. जे मत गर्दीला असेल ते तो डोक्यावर घेऊन चालायचा, आणि ते आपलंच आहे असं समजून त्याला जागायचाही. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, अजून त्यानं घेतली नव्हती, पण शब्द दिल्यासारखाच होता.

अशात संस्थेची सभा लागली.

सभेचं कारण असं की उरलेलं पाणी पिण्यासाठी राखीव करून सरकार उपसून नेणार होतं, आणि मासे मेले तर संस्थेला भरपाई मिळणार होती. मासे जितके जास्त तितकी भरपाई जास्त. मोहनरावांना जिल्हा परिषदेचं तिकीट खुणावत होतं. भरपाई आणून दाखवली की निवडणुकीचा नारळ फुटल्यातच जमा. त्यामुळे शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या पडल्या, सुग्रीव सरांना हार पडला, चहा झाला. प्रास्ताविक झालं. प्रास्ताविकाचं आभारप्रदर्शनही झालं. मग सर उठले आणि त्यांनी आकडा सांगितला.

"मोठे मासे सातशेच्या आसपास. शंभर इकडं, शंभर तिकडं."



"सातशे?" मोहनराव म्हणाले. "सर, आमचे सभासदच दीडशे हायत. माणशी पाच मासे पण न्हाई येत."

"मासे सभासद बघून अंडी घालत नाहीत," सर म्हणाले. सुभद्राबाई एकटी खदखदून हसली.

मोहनरावांनी घसा खाकरला. राग आला की ते फार सभ्य बोलत. "सरांच्या विद्येबद्दल आमाला आदर हाय. पण सरांची विद्या समुद्राची, आन् तळं आमचं. ही संस्था लोकशाही पद्धतीनं चालती. हितं एक माणूस ठरवत न्हाई, सभा ठरवती. तवा माशांचा आकडा सभेनं ठरवावा, असा माझा ठराव हाय."

सुभद्राबाईला वाटलं, आता तरी कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. उलट माणसं सरसावून बसली. कारण लव्हाळ्याच्या वाडीत आजवर सगळं असंच ठरलं होतं. तळ्याचा ठेका, रस्त्याचा मुरूम, टँकरच्या खेपा, सप्त्याचा महाराज: आधी सूचक, मग अनुमोदक, मग हात वर. हात वर झाले की गोष्ट खरी झाली, असा या माणसांचा धर्मच होता. त्यात मासे तेवढे वगळायचं कुणालाच कारण दिसलं नाही.

"चाळीस हजार!" मागून सर्जेराव ओरडला.

"चाळीस कावून? साठ लिवा," दुसऱ्या कोपऱ्यातून आलं. "माझ्या आजानं एका जाळ्यात..."

"आजा मेला, जाळं कुजलं. चाळीस."

"साठ!"

दोन्हीकडून आवाज चढले. चाळीसवाले विरुद्ध साठवाले असे चक्क दोन गट पडले, आणि पाच मिनिटांपूर्वी कुणाच्या स्वप्नातही नसलेल्या माशांवरून माणसं एकमेकांची खानदानं काढू लागली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ते हेच. सुग्रीव सर डोळे विस्फारून बघत होते. शेवटी मोहनरावांनी दोन्ही हात वर करून मोठ्या मनानं मधला मार्ग काढला: पन्नास हजार. दोन्ही गटांना न्याय मिळाला. सर म्हणाले, "अहो, मासे मतदानानं वाढत नाहीत," तर एकजण त्यांना समजावणीच्या सुरात म्हणाला, "सर, बहुमतापुढं कुनाचं चालत न्हाई."

सूचक सर्जेराव झाला. अनुमोदक कोण, असं मोहनरावांनी विचारलं.

सुभद्राबाईच्या जिभेवर त्या वेळी जे होतं ते जर बाहेर पडलं असतं तर सभा तिथंच उधळली असती. तिनं तोंड उघडलंसुद्धा. आणि तेवढ्यात तिची नजर आश्रुबावर गेली. तो खांबाला टेकून बसला होता, आणि 'पन्नास हजार' हे शब्द ऐकून त्याचा चेहरा उजळला होता. हात अजून वर गेला नव्हता, पण बोटं मात्र चुळबुळू लागली होती. सुभद्राबाईनं उघडलेलं तोंड मिटलं. सगळे जात्यात म्हणून हा जातो. सगळे राहिले तर? पन्नास हजार मासे सोडून कुठला शहाणा ऊस तोडायला जाईल?

"अनुमोदन माझं," ती उभी राहून म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. मोहनरावांना तर गहिवरच आला. "बघा," ते म्हणाले, "सुभद्राबाईसुद्धा! ज्या बाईनं आजपर्यंत एका ठरावाला हो म्हणलं न्हाई!" हात वर झाले. आश्रुबाचा सगळ्यांत आधी. ठराव सर्वानुमते मंजूर. सुग्रीव सरांनी हार काढून खुर्चीवर ठेवला, आणि जाता जाता सुभद्राबाईपाशी थांबून खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला तर हिशेब कळला होता."

"कळलाता म्हनूनच," ती म्हणाली. पण ते त्यांना कळलं नाही, आणि तिनं समजावत बसायची तसदी घेतली नाही. आपल्या हुशारीवर ती बेहद्द खूश होती. मोहनराव सरकारला फसवत होता आणि ती मोहनरावाच्या लबाडीवर आपली पोळी भाजून घेत होती.

घरी आल्यावर तिनं विषय लांबवला नाही. "पन्नास हजार मासे हितं टाकून तू मुलखाचा ऊस तोडाया जातूस व्हय बे? चारचौघांत हात वर केलतास ना? मंग ऱ्हा आन् धर."

आश्रुबानं डोकं खाजवलं. "तसं सगळेच म्हनायलेत, थांबावं म्हनून."

"म्हंजे झालं."

आणि खरोखर सगळेच थांबले. ज्या माशांना त्यांनी स्वतः हात वर करून जन्माला घातलं होतं, त्यांच्यावर महिनाभरात त्यांचा विश्वास बसला. दोऱ्याची रिळं आली, ओसरीओसरीवर जाळी विणली जाऊ लागली. मोठे मासे कुणाच्या वाट्याला, परळीचा व्यापारी बरा की लातूरचा, बर्फ कुठून आणायचा, यावर पारावर वाद रंगले. बंकट मुकादम दोनदा येऊन हात हलवत परत गेला. दसऱ्यानंतर त्याची टोळी शेजारच्या गावांतल्या जोड्या घेऊन निघून गेली. ट्रक वाडीवरून गेला तेव्हा सरू दारात उभी राहून बघत होती.

"आत्या," ती म्हणाली, "मासे न्हाईतच ना तळ्यात?"

"सातशे हायत."

"मंग?"

"मंग काय? तुज्या बाळंतपनाला सातशे लई झाले."

सरू हसली, आणि सुभद्राबाईही हसली. त्या दिवसापुरता तिनं सगळ्या सहकारी चळवळीला माफ केलं होतं.

पण सरकारी कचेरीत बसलेली माणसंही काही कमी नव्हती. मोहनरावांनी सरांच्या अहवालावर सभेचा ठराव जोडून, वर चार ओळखी लावून तो तालुक्याला पाठवला होता. तिथल्या कारकुनानं दोन्ही वाचले आणि विचार केला: तळं संस्थेचं, मासे संस्थेचे, तर संस्था म्हणते तेच खरं धरू. आणि ते खरं धरल्यावर उत्तर सरळ होतं. तळ्यात पन्नास हजार मासे असतील तर पाणी उपसायच्या आत संस्थेनं ते धरून विकावेत. नुकसान कुठं झालं? भरपाई नामंजूर. शिवाय ज्यांच्यापाशी एवढा माल आहे त्यांना दुष्काळी कामावर घ्यायचं कारण काय? दसऱ्यानंतर सुरू झालेल्या बंधाऱ्याच्या कामावरून संस्थेच्या सभासदांची आणि त्यांच्या घरच्यांची नावं दिवाळीच्या तोंडावर कमी झाली. त्यात आश्रुबाही होता आणि खुद्द सुभद्राबाईही. दोघांच्या त्या हजेरीवरच घरची चूल पेटत होती.

हे सुभद्राबाईच्या हिशेबात नव्हतं. तिनं मोहनरावाला मूर्ख धरलं होतं, गावाला मूर्ख धरलं होतं. सरकार मूर्ख आहे हेही ती रोजच म्हणायची. फक्त सगळे मूर्ख एका रांगेत उभे राहिले तर शेवटचा धक्का कुणाला बसतो, याचा विचार तिनं केला नव्हता.

मग जाळं ओढायचं ठरलं, तेही सभा घेऊनच. नारळ फुटला, मोहनरावांनी पँट न भिजवता काठावरून पहिला दोर ओढल्याचा फोटो काढून घेतला, आणि वाडीतले सगळे पुरुष चिखलात उतरले. पहिल्या ओढीला मासे आले. दुसरीला त्याहून कमी. तिसऱ्या ओढीला शेवाळ, एक फाटकी चप्पल आणि बेडूक. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! काठावरचा ढीग कुणीही न मोजता सांगू शकला असता. सुग्रीव सर इथं असते तर त्यांनी एकदा बघून मान डोलावली असती.

"मासे चिखलात बसलेत," मोहनराव म्हणाले. नंतर म्हणाले, "सरांच्या मोजणीनं मासे बिथरले." संध्याकाळपर्यंत त्यांनी सुग्रीव सरांच्या निषेधाच्या ठरावासाठी सभा जाहीर केली. माणसांनी चिखलाच्या पायांनी उभ्या उभ्याच माना हलवल्या. सुभद्राबाईनं काठावर बसून हे सगळं ऐकलं आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा शिवी सुचेना.

दोन-तीन दिवसांनी सकाळी बंकट मुकादम पुन्हा वाडीत आला. कारखान्यावरून त्याच्या तीन जोड्या पळून गेल्या होत्या आणि त्याला कोयते कमी पडत होते. आता त्याला कुणाच्या दारातून हात हलवत परत जायची वेळ येणार नव्हती. माणसंच त्याच्याभोवती गोळा झाली. आश्रुबा त्यांच्यात होता. तो घरात आला तो जमिनीकडं बघतच.

"सरू, बोचकं बांद," तो म्हणाला.

सरूचे दिवस भरत आले होते. ती भिंतीला धरून उठली. दांडीवरचं लुगडं ओढून घडी घालू लागली. छबुबाई दारातून हे बघत होती. ती पदर तोंडाला लावून मागच्या मागं निघून गेली.

 सुभद्राबाईनं केलेल्या हुशारीनं एवढंच साधलं होतं की आठव्या महिन्यात जायची ती पोर आता नवव्यात जाणार होती. आठव्यात गेली असती तर निदान टोळीत सगळ्यांबरोबर, ओळखीच्या बायांत तरी असती. मोहनराव गाढव, सर्जेराव गाढव, कचेरीतला कारकून गाढव, आणि या गाढवांवर बसून गाव गाठायला निघालेली आपण कोण? हे तिनं मनातल्या मनात नाही, मोठ्यांदा म्हटलं. आश्रुबानं दचकून वर पाहिलं.

"ठिव ते लुगडं," ती सरूला म्हणाली. आणि खुंटीवरचा कोयता काढून स्वतःच्या बोचक्यात खुपसला.

"माय, बंकटला जोडी पायजे," आश्रुबा म्हणाला.

"मंग मी काय मानूस न्हाई? तू आन् मी, झाली की जोडी."

ती उभ्या जन्मात फडावर गेली नव्हती. बाजारात बसून इज्जतीनं मासे विकणारी बाई आपण, ऊस तोडणाऱ्या बायांकडं ती नाक वर करूनच बघत आली होती. उसाच्या वाळल्या पाचटात झोपतात, उकिरड्यावर रांधतात, असं काही काही बोलायची. आज ती बोचकं काखेत मारून त्यांच्याच ट्रककडं निघाली, आणि सगळी वाडी बघत होती. लाज वाटली. चांगली कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली. पण पाय थांबले नाहीत.

बंकटनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मावशे, मोळी उचलंल का तुला? चार दिसांत आडवी व्हशील."

"तीस वर्सं माशाची पाटी डोक्यावर वागवली म्या. तुजा ऊस काय वळवळतो व्हय पाटीत?"

बाया हसल्या. बंकटही हसला, त्याला माणसं हवीच होती. "जोडीत बाईचं नाव काय लिवू?"

"सुभद्रा. आन् बायकू न्हाई, माय हाय म्हनून लिव."

ट्रक सुटायच्या आधी मोहनरावांची जीप येऊन थांबली. खिडकीतून डोकं काढून ते म्हणाले, "सुभद्राबाई, उद्या सभा हाय. निषेधाचा ठराव. तुमी गेल्यावर गणसंख्या कमी पडंल."

"घ्या की ठराव करून," ती म्हणाली, "की सुभद्राबाई सभेला हजर हाय. सर्वानुमते." आणि तिनं त्यांच्याकडं पाठ केली.

सरू ट्रकपाशी आली होती. "आत्या, तुमचे गुडगे..." एवढंच बोलली आणि तिला रडू फुटलं.

"गुडग्यांचं मी बघते. पोट दुखाया लागलं की छबुबाईला हाक मार, आन् सरळ केजच्या दवाखान्यात. घरात कन्हत बसू नको."

फडावर पहिल्या दिवशी सुभद्राबाईच्या मोळ्या वाटेत सुटल्या. दुसऱ्या दिवशी पाचटानं हात चिरले. दुपारी ती बांधावर बसली तर उठता येईना, तेव्हा ज्या बायांना ती नावं ठेवत आली त्यांतल्याच एकीनं तिला काखेत धरून उठवलं आणि मोळीला आळा, म्हणजे बांध, कसा घालायचा ते दाखवलं. सुभद्राबाईनं आभार मानले नाहीत, पण त्या बाईला तिनं नाव विचारलं. पारूबाई. बाजारात गिऱ्हाइकाचं नाव विचारायची तिला कधी गरज पडली नव्हती.

महिना संपायच्या आत एका दुपारी आश्रुबाचा फोन वाजला. त्याचे हात उसाच्या रसानं माखलेले, म्हणून सुभद्राबाईनं डोक्यावरची मोळी खाली टाकून फोन कानाला लावला. पलीकडून छबुबाई बोलत होती. केजच्या दवाखान्यात सरू बाळंत झाली होती. पोरगी. दोघी धडधाकट. छबुबाई एवढं बोलली आणि मग तिला पुढं बोलता येईना.  सुभद्राबाईनं फोन कानाचा काढला नाही.

मग तिनं लेकाला सांगितलं. आश्रुबानं कोयता सरीत टाकला, उसाच्या बुडख्यांत मटकन बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडू लागला. ट्रकपाशी बंकट ओरडत होता की गाडी भरायची आहे, कोण बसलंय तिकडं.

सुभद्राबाईनं लेकाच्या डोक्यावर हात ठेवला.

"रड," ती म्हणाली. "मोळी मी नेते."

आणि तिनं वाकून मोळी उचलली, डोक्यावर घेतली आणि ट्रकच्या दिशेनं चालू लागली.